वकिलाने फावल्या वेळी काय वाचावे?

वाचकहो, विषयाचे नाव पाहून तुम्ही म्हणाल, आम्ही शेतकरी, मच्छीमार, नाहीतर शाळामास्तर. वकिलांनी फावल्या वेळी काय वाचावे ह्याच्याशी आमचा काय संबंध? पण संबंध आहे, आणि चांगला जवळचा आहे. एक काळ असा होता की वकील म्हणजे ठाण्याचा, मुंबईचा, पुण्याचा. कोटाची बटणे लावून तो गाडीतून उतरायचा आणि आपण हात जोडून त्याच्या मागे चालायचे. आता तसे राहिलेले नाही. तुमच्याच शाळेतून गेलेला मुलगा, तुमच्याच पाड्यावरची मुलगी कायद्याच्या वर्गात जाऊन बसते. उद्या गावचा कागद घेऊन तुम्ही तिच्याच दाराशी जाणार आहात. तेव्हा ती काय वाचते, हे विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे.

घरोघरी एक दृश्य दिसते. मुलगा कायद्याचा अभ्यास करतो म्हणून बाप कौतुकाने बघत असतो. एके संध्याकाळी त्या मुलाच्या हातात कादंबरी दिसते आणि बापाचा आवाज चढतो, "परीक्षा तोंडावर आली आणि हे काय थेर चालवलेयस?" बापाचेही खोटे नाही. पैसे मोजून मुलाला शिकायला पाठवलेले असते. पण त्या बापाला मला नम्रपणे सांगायचे आहे की, कलमांच्या पुस्तकाइतकीच त्या दुसऱ्या पुस्तकाचीही वकिलाला गरज असते. का, ते आपण ह्याच मुलखाच्या उदाहरणावरून बघू.

कायद्याच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी एक जुना कायदा शिकावा लागतो. तो म्हणजे १८७२ सालचा भारतीय करार कायदा. त्यात सांगितले आहे की करार खरा ठरायला दोन्ही पक्षांची संमती मोकळी असली पाहिजे. कलम १६ म्हणते, एक पक्ष दुसऱ्याच्या मनावर हुकमत चालवण्याजोग्या स्थितीत असेल आणि त्या स्थितीचा त्याने गैरफायदा घेतला असेल, तर ती संमती मोकळी नव्हे. हुशार विद्यार्थी हे कलम एका संध्याकाळी पाठ करतो. परीक्षेत लिहितो, गुणही मिळवतो. पण 'हुकमत' म्हणजे काय? ती कशी दिसते, कशी बोलते, माणसाच्या पाठीत कशी बसते? हे कलमात कुठे लिहिलेले आहे?

ते लिहिलेले आहे गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' ह्या पुस्तकात. वकिलांनी फावल्या वेळी वाचायच्या पुस्तकांत माझ्या मते हे पहिले. १९७० साली ते निघाले आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. गोदावरीबाई पुण्याच्या, वकिलाच्या घरातल्या, माहेरच्या गोखले. महाराष्ट्रात कायद्याची पदवी घेतलेल्या पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. ह्या बाई पुढे डहाणू, तलासरी, उंबरगावच्या जंगलपट्टीत वारल्यांच्या झोपड्यांतून हिंडल्या. तिथे त्यांना काय दिसले? 'लग्नगडी' दिसला. वारल्याने लग्नापुरते कर्ज जमीनदाराकडून घ्यायचे आणि ते फेडण्यासाठी त्याच्या शेतावर राबायचे. नवऱ्याबरोबर बायकोनेही राबायचे. वर्षे जायची, कर्ज तसेच. वहीत काय मांडले आहे ते वारल्याला वाचता येत नसे, आणि वाचता आले असते तरी विचारायची छाती नव्हती.

आता बघा, त्या वारल्याला कोर्टात उभे करून विचारले असते, "कर्ज घेतले होतेस का?" तर तो "व्हय" म्हणाला असता. "अंगठा तुझाच का?" "माझाच." संपला खटला. कागद बिनचूक, साक्ष बिनचूक, आणि अन्यायही अगदी बिनचूक. कलम १६ पाठ असलेला वकीलसुद्धा तिथे गप्प बसला असता. कारण पुढचा प्रश्न काय विचारायचा हेच त्याला सुचले नसते. तो प्रश्न सुचण्यासाठी त्या माणसाचा दिवस कसा उगवतो आणि कसा मावळतो, हे ठाऊक असावे लागते. गोदावरीबाईंचे पुस्तक ते दाखवते.

२३ मे १९४५ रोजी झरी गावी वारल्यांची परिषद भरली. तेव्हा ते गाव उंबरगाव तालुक्यात होते, आता तलासरी तालुक्यात आहे. वेठ करायची नाही, असे त्या दिवशी ठरले. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्यास गोळीबार झाला आणि पाच जण मेले. पुढे राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीला बंदी घातली आणि १९७६ साली वेठबिगार निर्मूलनाचा वेगळा कायदा आला. विद्यार्थी हा कायदा त्याच्या सालावरून ओळखतो. झरीच्या सभेचे वर्णन वाचलेला विद्यार्थी तो माणसांवरून ओळखतो. फरक एवढाच आहे, पण तो मोठा आहे.

ह्याच डहाणू तालुक्यात आता दुसरा काळ आला आहे. वाढवण हे किनाऱ्यावरचे गाव. इथले लोक मासेमारी करतात, शेती-वाडी करतात, घरोघरी दागिन्यांचे साचे कोरण्याचा बारीक धंदाही ह्या पट्ट्यात चालतो. ह्या गावाचे नाव गेली कित्येक वर्षे कायद्याच्या कागदांतून फिरते आहे. त्याची हकीकत थोडक्यात अशी. जून १९९१ मध्ये केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. ऑक्टोबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ह्या तालुक्यासाठी वेगळे प्राधिकरण नेमण्याचा आदेश दिला, आणि त्याच डिसेंबरात न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली ते स्थापन झाले. १९९८ साली त्या प्राधिकरणाने वाढवणच्या बंदराला नकार दिला. पुढे बंदराची योजना नव्या रूपात आली आणि ३१ जुलै २०२३ रोजी त्याच प्राधिकरणाने तिला अटी घालून परवानगी दिली. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याविरुद्धचे अर्ज फेटाळले. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या खर्चास मान्यता दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पायाभरणी झाली.

बंदर व्हावे की होऊ नये, हा आजच्या भाषणाचा विषय नाही. त्यावर तुमच्या पारावर, बंदरावर पुष्कळ बोलणे होतेच. मला सांगायचे आहे ते वेगळे. १९९८ चा निकाल आणि २०२३ चा निकाल, दोन्ही एकाच प्राधिकरणाचे, एकाच गावाविषयीचे, आणि दोहोंचा शेवट वेगळा. कायद्याच्या विद्यार्थ्याने हे दोन निकाल परीक्षेसाठी नव्हे, तर एखादी गोष्ट वाचावी तसे निवांतपणे, एकापाठोपाठ एक वाचावेत. पहिल्यात कोणत्या गोष्टी महत्त्वाच्या धरल्या? दुसऱ्यात कोणत्या? मधल्या पंचवीस वर्षांत काय बदलले? माणसांचे म्हणणे कोणत्या पानावर आले आणि किती ओळींत आले? असे वाचन केलेला तरुण कोणत्याही बाजूने उभा राहिला, तरी त्या बाजूला त्याचा उपयोगच होईल.

आणि वाढवणचा कोळी उद्या वकिलाकडे येईल तेव्हा काय घेऊन येईल? जमिनीचा सातबारा असतो, समुद्राचा नसतो. जाळे कुठे टाकतो, बोंबील कुठे वाळवतो, पावसाळ्यात नौका कुठे ओढून ठेवतो, कोणत्या खडकापाशी कोणत्या महिन्यात मासळी सापडते, हे सगळे त्याच्या डोक्यात असते. कागदावर नसते. ते त्याच्या तोंडून काढून कोर्टाला समजेल अशा भाषेत मांडणे हे वकिलाचे काम. हे काम ज्याला जमते तो वकील. ते जमायला कान तयार लागतो, आणि कान तयार होतो तो दुसऱ्याचे आयुष्य सांगणारी पुस्तके वाचून.

असा कान तयार करायला ह्याच मुलखातली आणखी दोन-तीन पुस्तके सांगतो. अनुताई वाघ यांचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' वाचावे. ताराबाई मोडक आणि अनुताई यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. शाळा मुलांपर्यंत जात नसेल तर अंगणात भरवावी, मुले गुरे राखायला कुरणात जात असतील तर तिथे भरवावी, असा त्यांचा हिशेब. साक्षीदार अंगठा का उठवतो, त्याच्या घरात पाटी का पोचली नाही, हे ह्या पुस्तकातून समजते. शिक्षकांनी तर ते वाचावेच. दुसरे, कविता महाजन यांची 'ब्र' ही २००५ साली आलेली कादंबरी. पंचायतीत निवडून आलेल्या आदिवासी बायकांचे काय होते, कायद्याने दिलेली खुर्ची आणि प्रत्यक्षात बसायला मिळालेली जागा ह्यांत किती अंतर असते, ते तिच्यात आहे. डहाणू, तलासरी हे अनुसूचित क्षेत्र. १९९६ च्या पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेला विशेष अधिकार दिले. तो कायदा शिकणाऱ्याने आधी किंवा मागाहून 'ब्र' वाचावी. महाजनांनी वारली लोकगीतेही गोळा केली आहेत. लोक आपल्या देवाला, जमिनीला, लग्नाला काय म्हणतात, ते गाण्यातून जसे कळते तसे जबाबातून कळत नाही.

आता आपण आपल्या मुलखाच्या जरा बाहेर जाऊ. फावल्या वेळच्या एका पुस्तकाने एका वकिलाचे आयुष्य कसे पालटले, ह्याची हकीकत महात्मा गांधींच्या 'सत्याचे प्रयोग' ह्या आत्मकथेत आहे. १९०४ साली गांधी दक्षिण आफ्रिकेत चांगली चाललेली वकिली करीत होते. जोहान्सबर्गहून दर्बनला जायचे होते. चोवीस तासांचा प्रवास. त्यांचे मित्र पोलक यांनी वाटेत वाचायला म्हणून रस्किन नावाच्या इंग्रज लेखकाचे एक लहानसे पुस्तक हातात दिले. गांधींनी ते हातात घेतले ते खाली ठेवलेच नाही. त्या रात्री त्यांना झोप आली नाही. त्या पुस्तकातून त्यांनी जे सार काढले त्यातली एक गोष्ट अशी की, वकिलाच्या कामाचे मोल आणि न्हाव्याच्या कामाचे मोल सारखेच, कारण पोट भरण्याचा हक्क दोघांनाही सारखाच आहे. एका बॅरिस्टराला ही गोष्ट कायद्याच्या ग्रंथात सापडली नाही. आगगाडीत, वेळ घालवायला घेतलेल्या पुस्तकात सापडली. पुढे त्यांनी त्या पुस्तकाचे सार गुजरातीत उतरवले आणि त्याला 'सर्वोदय' हे नाव दिले.

त्याच आत्मकथेत बालसुंदरम नावाच्या मजुराचे प्रकरण आहे. ते प्रत्येक वकिलाने वाचावे. हा कराराने बांधलेला तमिळ मजूर. मालकाने मारून त्याचे दात पाडले. तो रडत, फेटा हातात धरून गांधींसमोर उभा राहिला. गोऱ्यासमोर जाताना फेटा काढायचा, ही त्याला लागलेली सवय. गांधींनी आधी त्याला फेटा बांधायला सांगितले. मग त्यांनी काय केले बघा. त्याला डॉक्टरकडे नेले, दाखला घेतला, मॅजिस्ट्रेटसमोर नेऊन त्याचे म्हणणे शपथेवर नोंदवले. पण मालकाला शिक्षा देववण्याचा हट्ट धरला नाही. मजुराला हवी होती सुटका. तेव्हा त्याचा करार दुसऱ्या मालकाकडे बदलून घेतला. अशिलाला काय हवे आहे आणि कायद्याने काय काय मिळू शकते, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एवढ्या थोड्या पानांत दुसरीकडे शिकायला मिळणे अवघड. आणि आपल्या लग्नगड्याची आठवण झाल्याशिवाय हे प्रकरण वाचून होत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुस्तकप्रेमाच्या कथा तुम्ही ऐकल्या असतील. न्यू यॉर्कला शिकत असताना ते जुन्या पुस्तकांची दुकाने धुंडाळीत, आणि १९३० च्या दशकात दादरला 'राजगृह' बांधले ते पुस्तकांना जागा व्हावी म्हणून. त्यांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे आठवणींचे छोटे लेखन एका बैठकीत वाचून होते. चाळीसगावचा प्रसंग त्यात आहे. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे ते सभासद, विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले. पण त्यांना आपल्या टांग्यातून न्यायला टांगेवाला तयार होईना. मग टांगा हाकायला बसला तो न शिकलेला माणूस, आणि टांगा मोरीवर उलटला. पदवी आणि कायदा दोन्ही हातात असून माणूस कुठे अडतो, हे ह्यातून समजते.

आता न्यायालयाविषयीच्या गोष्टी. टॉलस्टॉय ह्या रशियन लेखकाची 'पुनरुत्थान' ही १८९९ सालची कादंबरी घ्या. तिच्यात एका गरीब स्त्रीवर खुनाचा खटला चालतो. पंच म्हणून बसलेल्या माणसांना तिची दया येते. तिचा कुणाला मारण्याचा हेतू नव्हता, हे त्यांना पटलेलेही असते. पण उत्तर लिहून देताना 'जीव घेण्याचा हेतू नव्हता' एवढे शब्द घालायचे राहून जातात. न्यायाधीशाला काम लवकर उरकायची घाई. तेवढ्या चुकीवर तिला सैबेरियात सक्तमजुरी होते. कागदावरचे चार शब्द म्हणजे काय चीज आहे, हे वकिलाला ह्याहून चांगले कोण शिकवणार? अर्ज, जबाब, नोटिशीचे उत्तर लिहिताना ज्याचा हात ही कादंबरी आठवून थबकतो, त्याच्या अशिलाचे भाग्य.

आपल्या मराठीत विजय तेंडुलकर यांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे १९६७ साली रंगभूमीवर आलेले नाटक आहे. एक नाटकमंडळी गावात येते, वेळ घालवायला खोटा खटला मांडते, आणि त्यातली लीला बेणारे नावाची शिक्षिका आरोपी ठरते. आरोप भ्रूणहत्येचा. खेळता खेळता मंडळी तिचे खासगी आयुष्य उघड्यावर ओढतात. पहिल्यांदा ज्या गोष्टीबद्दल तिला गुन्हेगार धरले, तीच गोष्ट करण्याचा निकाल शेवटी ते कोर्ट देते. तिला बोलायला मिळतात मोजके क्षण, आणि तिचे बोलणे कुणाच्या कानी जात नाही. त्या मंडळीत एक कामधंदा नसलेला वकीलही आहे. उलटतपासणीची चटक लागलेल्या तरुण वकिलाने हे नाटक वर्षातून एकदा वाचावे. कोर्टाची भाषा, शपथ, हातोडा, 'ऑर्डर, ऑर्डर' हे सगळे जागच्या जागी असूनही न्याय नसू शकतो, हे त्यातून मनावर ठसते.

लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे १९८७ साली आलेले आत्मकथन असेच. १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली गेला, पण पोलिसाच्या आणि गावाच्या नजरेतून गेला नाही. वकिलाच्या टेबलावर फिर्याद येते, पंचनामा येतो, आरोपीचे नाव येते. त्या नावामागचे घर, भूक, पोलिसाची चाहूल लागल्यावर होणारी पळापळ ह्या पुस्तकात आहे. सरकारी वकील होऊ बघणाऱ्यानेही ते वाचावे. त्याने वाचले तर दोघांचेही भले.

आता कुणी म्हणेल, ही सगळी गंभीर पुस्तके झाली. दिवसभर कोर्टात डोके पिकवून आल्यावर माणसाने हसायचे की नाही? हसायचे तर! श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे स्वतः वऱ्हाडातले वकील. त्यांनी 'सुदाम्याचे पोहे' लिहून मराठीला विनोद शिकवला. पु. ल. देशपांडे यांचे 'व्यक्ती आणि वल्ली' वाचावे आणि त्यातला अंतू बर्वा तर तोंडपाठ करावा. रत्नागिरीचा हा म्हातारा एकही गोष्ट सरळ सांगत नाही. सगळे तिरके, सगळे आडून. आपले साक्षीदार असेच बोलतात ना? "तुम्ही त्या दिवशी कुठे होता?" असे विचारले की "कुठे असणार, जिथे नशिबाने ठेवले तिथे" असे उत्तर येते. वकील चिडतो, न्यायाधीश घड्याळ बघतात. अंतू बर्व्याशी ओळख झालेला वकील चिडत नाही. त्या तिरक्या बोलण्यात दुखणे कुठे आहे ते तो शोधतो. म्हणजे हसत हसत वाचलेलेही वाया जात नाही.

राहता राहिला वेळेचा प्रश्न. "वेळ कुठे आहे?" हे उत्तर वकील आणि विद्यार्थी दोघेही देतात. मी काही डोंगराएवढे मागत नाही. रोज अर्धा तास पुरे. डहाणूहून रोज लोकलने जाणाऱ्याला तर तो गाडीतच सापडतो. वाचताना तीन गोष्टी पाळाव्या. एक, कोर्टात वाक्ये फेकण्यासाठी वाचू नये. त्यासाठी वाचणाऱ्याला वाक्ये मिळतात, माणसे मिळत नाहीत. दोन, गोष्टीत ज्याचा राग येतो त्याच्या बाजूने क्षणभर उभे राहून बघावे. जमीनदाराचा वकील काय म्हणाला असता, हे विचारावे. अशाने बुद्धी धारदार होते आणि मनही ताळ्यावर राहते. तीन, वाचलेले घरी कुणाला तरी आपल्या शब्दांत सांगावे. आजीला समजले तर न्यायाधीशालाही समजेल.

शिक्षकबंधुभगिनींनो, शेवटचा शब्द तुमच्याशी. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तला तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो आणि बघता बघता गावची गाऱ्हाणीही त्याच्याकडे येऊ लागतात. खेड्यात आजही पहिला वकील मास्तरच असतो. अर्ज तोच लिहितो, नोटीस तोच वाचून दाखवतो. रस्ता जायचा आहे, रेल्वे जायची आहे, म्हणून कागद आला की पालक आधी तुमच्याकडे येतात. म्हणून ही पुस्तके तुमच्यासाठीही आहेत. शाळेच्या कपाटात त्यांतली दोन-चार तरी ठेवा. गावात ग्रंथालय असेल तर तिथे मागणी नोंदवा. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यापासून मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालयांना सरकारी अनुदान मिळते. ते पुस्तकांवर कसे खर्च होते, हे विचारायला संकोच करू नका. आणि तुमच्या हाताखालून गेलेला एखादा विद्यार्थी कायदा शिकायला निघाला, तर त्याला निरोप देताना पेन देण्याऐवजी गोदावरीबाईंचे पुस्तक द्या. पहिल्या पानावर त्याचे नाव लिहा आणि खाली गावाचे नावही लिहा.

पालकांनाही एवढेच सांगणे. मुलीच्या हातात जाड कायद्याचे पुस्तक असेल तेव्हा तिला चहा करून द्याच. पण हातात गोष्टीचे पुस्तक असेल तेव्हाही द्या. पहिल्या पुस्तकाने ती परीक्षा पास होईल. दुसऱ्याने ती, अंगठा उठवणारा माणूस समोर येऊन बसला की, कागद बाजूला ठेवून आधी त्याला विचारील, "बाबा, हे कसे झाले ते पहिल्यापासून सांगा." आपल्या मुलखात हा प्रश्न विचारणाऱ्या वकिलांची गरज मोठी आहे.